यादीतला शेवटचा पर्याय

माझ्या पोटात मोठं आतडं नाहीये. असं थेट सांगितलं की समोरचा आधी पोटाकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग हळूच विचारतो, अहो मग जेवण कसं पचतं? जेवण लहान आतड्यातच पचतं, शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात होतं ते, पण कुणाच्याच लक्षात नसतं. मोठ्या आतड्याचं काम म्हणजे पाणी आणि मीठ शोषून घ्यायचं आणि उरलेलं सोयीची वेळ येईपर्यंत धरून ठेवायचं. हे धरून ठेवणं किती मोठी चैन आहे ते डोंबिवलीहून सीएसएमटीला रोज लोकलने जाणाऱ्या माणसाला विचारा. लोकलला संडास नसतो, आणि मुंब्र्याच्या पुढे गाडी खोळंबली की किती वेळ खोळंबेल ते मोटरमनलाही माहीत नसतं.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होता, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्यावर उलटते, सूज येते, जखमा होतात आणि रक्त जातं. आधी मेसालामाइन, मग स्टेरॉइड, मग अझाथायोप्रिन, मग परत स्टेरॉइड, चेहरा फुगलेला, हाडं ठिसूळ व्हायला लागलेली आणि रक्त जायचं थांबत नाहीये, तेव्हा सर्जन म्हणाले आता काढून टाकू. मोठं आतडं आणि गुदाशय काढतात, मग लहान आतड्याचं शेवटचं टोक स्वतःवरच दुमडून इंग्रजी J (जे) अक्षरासारखं करतात, मधली भिंत उघडून त्याची साठवणीची जागा बनवतात आणि ती खाली गुदद्वाराला जोडतात. हा जे-पाउच. लंडनच्या सेंट मार्क्स हॉस्पिटलमधल्या अ‍ॅलन पार्क्स आणि जॉन निकोल्स यांनी १९७८ मध्ये असा पाउच मांडला, त्यांचा एस आकाराचा होता, आणि १९८० मध्ये जपानच्या उत्सुनोमियांनी जे आकार आणला तो करायला सोपा म्हणून आज बहुतेक ठिकाणी तोच करतात. जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर स्टोमा, म्हणजे पोटातून बाहेर काढलेलं आतड्याचं तोंड, आणि त्यावर बॅग, मग ती बंद करून रस्ता परत खालून सुरू. सगळं नीट झालं तरी दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं, रात्री एखाद वेळा, पण घाई नसते, थांबवता येतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं आणि मी सगळ्यांना सांगत सुटले होते की सुटले बाई एकदाची.

मग पाउचायटिस. म्हणजे जे आतडं साठवणीसाठी बनलेलंच नाही त्यात रोज साठवण करायला लागल्यावर तिथे येणारी सूज. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे पाउच केलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना हे कधी ना कधी एकदा तरी होतंच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वेगळी वाटली. फॅमिलियल पॉलिपोसिस नावाचा आनुवंशिक आजार असतो, मोठ्या आतड्यात गाठीच गाठी होतात, त्यातही कॅन्सरच्या भीतीने हेच आतडं काढून हाच पाउच करतात, तेच ऑपरेशन, तेच टाके, पण त्या लोकांना पाउचायटिस फार क्वचित होतो. म्हणजे चूक पाउचच्या शिवणीत नाही. ज्या प्रतिकारशक्तीने माझं मोठं आतडं खाल्लं तीच आता नव्या भाड्याच्या जागेत सामान लावून बसलीये. आतडं काढलं की आजार गेला असं मला सांगितलं गेलं होतं, आणि ते पंच्याऐंशी टक्के खरं आहे म्हणू या, उरलेल्या पंधरामध्ये मी.

होतं काय, तर पोटात खालच्या बाजूला कळ, सारखं जावंसं वाटणं, गेलं की थोडंसंच होणं, परत दहा मिनिटांनी तेच, रात्री झोपमोड, अंग मोडून आल्यासारखं, आणि आग. आगीबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. लहान आतड्यातून येणाऱ्या मलात पाचक रस असतात ते कातडी जाळतात. आपल्याकडे जेट स्प्रे असतो हे नशीब समजा, कागदावर जगणाऱ्या देशांतल्या पाउचवाल्यांचं काय होत असेल देव जाणे. पाण्याने धुवायचं, मऊ फडक्याने टिपून घ्यायचं, पुसायचं नाही, आणि झिंक ऑक्साइडचं मलम, लहान बाळांच्या रॅशला लावतात ते. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक ट्यूब, पर्समध्ये एक.

पहिल्यांदा झालं तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं दोन आठवडे, पाचशे मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि तिसऱ्या दिवशी मी माणसात आले. खरंच तिसऱ्या दिवशी. ज्यांना अनुभव आहे त्यांना कळेल तो तिसरा दिवस काय असतो, सकाळी उठून लक्षात येतं की आपण रात्रभर झोपलो होतो. मग काही महिन्यांनी परत. मग परत. मग अशी वेळ आली की गोळी संपली की आठवड्याभरात कळ सुरू, गोळी घेतली की बंद. याला डॉक्टरांच्या भाषेत अँटिबायोटिकवर अवलंबून असलेला क्रॉनिक पाउचायटिस म्हणतात, चार आठवड्यांच्या वर लक्षणं राहिली की क्रॉनिक. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे अँटिबायोटिकला दादच न देणारा. मी सध्या त्या दोन पायऱ्यांच्या मध्ये कुठेतरी उभी आहे, सिप्रो अजून चालतं पण पूर्वीसारखं नाही, आणि मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक मी घेऊच शकत नाही कारण तोंडात सतत नाणं चघळल्यासारखी चव, आणि जास्त दिवस घेतलं तर पायांच्या नसांवर परिणाम, तळव्यांना मुंग्या यायला लागल्या तसं डॉक्टरांनी लगेच बंद केलं.

आता कुणी म्हणेल चालतंय ना सिप्रो, मग घे की. माझी आई हेच म्हणते, बीपीची गोळी नाही का लोक जन्मभर घेत. पण सिप्रो बीपीची गोळी नाही. टाचेच्या वरची मोठी शीर, अकिलीस टेंडन, ती सुजणं किंवा तुटणं यासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने २००८ मध्येच या औषधांच्या पाकिटावर ठळक इशारा लावायला लावला, २०१८ मध्ये महाधमनीबद्दलही इशारा दिला. शिवाय स्टेरॉइड घेतलेल्यांना टेंडनचा धोका जास्त, आणि मी तर स्टेरॉइड पोत्याने खाल्लेत. आणि दुसरी भीती, उद्या साधं लघवीचं इन्फेक्शन झालं आणि जंतूंना ही गोळी ओळखीची निघून ती चाललीच नाही तर? दुधाबरोबर, ताकाबरोबर घ्यायची नाही हा एक वेगळाच त्रास, कॅल्शियमने तिचं शोषण कमी होतं, आणि माझं तर अर्धं जेवणच ताक आहे.

जेवणावरून आठवलं. सासूबाईंना हा आजार म्हणजे पोट बिघडलंय एवढाच कळतो आणि मी त्यांना दोष देत नाही, मलाही आधी तेवढाच कळत होता. "अगं बेलाचा मुरंबा खा, आमच्या माहेरी कुड्याच्या सालीचा काढा देत." मी मुरंबा खाते, आवडतो म्हणून. काढ्याला नाही म्हणते कारण चालू औषधांबरोबर तो काय करेल ते कुणी सांगू शकत नाही. पण एका बाबतीत त्यांचं स्वयंपाकघर कुठल्याही डाएटिशियनच्या कागदापेक्षा सरस निघालं. मऊ भात मेतकूट तूप, भाताची पेज भरपूर मीठ घालून, केळं, साबुदाण्याची लापशी. साबुदाण्याने मल घट्ट होतो, खिचडी मात्र नको कारण दाण्याचं कूट. त्यामुळे आमच्या घरी मी एकटीच अशी आहे की एकादशी नसताना उपासाचं खाते, आणि एकादशी दुप्पट खाशी हा टोमणा रोजच ऐकते. मक्याचं कणीस, भाकरीबरोबर कच्चा कांदा, तिखट ठेचा, हे सगळं बंद. मीठ आणि पाणी कमी पडलं की चक्कर येते, पायात गोळे येतात, साधं पाणी ढोसून उपयोग नसतो, ओआरएस लागतं. पण जेवणाने सूज जात नाही. त्रास थोडा आवरतो एवढंच, आणि हा फरक घरच्यांना समजावण्यात माझी बरीच वर्षं गेली.

तर पर्याय. डॉक्टरांनी आधी हे खरंच पाउचायटिसच आहे ना ते परत तपासलं, आणि हे फार महत्त्वाचं आहे म्हणून सांगते, कारण सगळी कळ पाउचायटिसचीच असते असं नाही. सी. डिफिसिल नावाचा जंतू असू शकतो, सीएमव्ही नावाचा विषाणू असू शकतो, पाउचच्या खाली गुदाशयाची उरलेली एक-दोन सेंटिमीटरची पट्टी असते तिथेच सूज असू शकते आणि तिला साध्या मेसालामाइनच्या सपोझिटरीने बरं वाटतं, जोड अरुंद झालेला असू शकतो, किंवा हा मुळात क्रोन्स, म्हणजे आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, असू शकतो. गुडघेदुखीला मी कधीतरी घ्यायचे त्या पेनकिलरही त्यांनी बंद केल्या, त्या गोळ्यांनीही हे उसळतं. मग दुर्बीण, बायोप्सी, आणि शेवटी एक आकडा. १९९४ मध्ये ठरवलेला एक स्कोअर आहे, लक्षणं, दुर्बिणीतून दिसणारं आणि बायोप्सी मिळून अठरापैकी, सात किंवा वर आले तर पाउचायटिस. माझे सातच्या बऱ्यापैकी वर होते. आयुष्यात पहिल्यांदा मार्क जास्त पडल्याचं वाईट वाटलं.

प्रोबायोटिकचं आधी सांगते कारण सगळे तेच विचारतात. आठ प्रकारच्या जिवाणूंचं एक मिश्रण आहे, इटलीतल्या बोलोन्याच्या डॉक्टरांनी २००० मध्ये चाळीस पेशंटवर अभ्यास केला होता, सगळे आधी अँटिबायोटिकने बरे केलेले. खरं औषध घेणाऱ्या वीसपैकी तिघांना नऊ महिन्यांत परत झालं, आणि खोटं, म्हणजे आत औषध नसलेलं, घेणाऱ्या वीसच्या वीसना. आकडा वाचून मी उडालेच होते. पण चाळीस माणसं हो, आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त असतात. आणि पुढे त्या मिश्रणाच्या नावावरून भांडणं झाली, २०१६ पासून अमेरिकेत जुन्या नावाखाली वेगळंच मिश्रण विकलं जातं आणि मूळचं दुसऱ्या नावाने, त्यामुळे आपण हातात धरलेली सॅशे म्हणजे अभ्यासातली का नुसती सख्खी बहीण हे बघूनच घ्यावं लागतं. मी घेतलं. शांत असताना शांत ठेवायला कदाचित मदत झाली असेल, पेटलेलं विझवायला नाही.

या आजारात सगळेच अभ्यास असे छोटे. सिप्रो चांगलं का मेट्रोनिडाझोल, यावरचा ज्याचा सगळे दाखला देतात तो अभ्यास सोळा जणांवरचा. आमच्यासारखे लोकच कमी, त्याला कोण काय करणार.

म्हणून व्हेडोलिझुमॅबचा अभ्यास आला तेव्हा तो मोठा वाटला, १०२ जण, २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात आला. हे बायोलॉजिक औषध, म्हणजे जिवंत पेशींपासून बनवलेलं, सलाइनमधून तीनशे मिलिग्रॅम, पहिल्यांदा, मग दोन आणि सहा आठवड्यांनी, आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. सूज करणाऱ्या पांढऱ्या पेशी रक्तातून आतड्यात शिरतात तो दरवाजा ते अडवतं, आणि मुख्यतः आतड्याचाच अडवतं. युरोपमध्ये २०२२ पासून अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या पाउचायटिससाठी याला मान्यता आहे. मी नवऱ्याला पेपर वाचून दाखवला, चौदा आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के शांत झाले, खोटं औषध घेणाऱ्यांपैकी १० टक्के. तो म्हणाला, "म्हणजे शंभरातले एकोणसत्तर नापास?" मी म्हटलं हो. तो इंजिनिअर आहे, त्याला एकतीस टक्क्यांवर चालणारं मशीन कुणी विकायला आणलं तर तो दारातूनच परत पाठवेल. मला मात्र तो आकडा वेगळा दिसतो, दहाच्या तिप्पट. आम्ही दोघंही बरोबर आहोत आणि त्यामुळे भांडण मिटत नाही.

बाकीची औषधंही आहेत, इन्फ्लिक्सिमॅब, अ‍ॅडालिमुमॅब, यांची भारतात बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी मिळतीजुळती, मिळतात म्हणून तुलनेने परवडतात. पण ती सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबतात आणि आपल्याकडे टीबी. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात, आणि माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं, शेजारच्या खोलीत एक काका वर्षभर खोकत होते. छातीत जंतू झोपलेला असेल तर ही औषधं त्याला उठवू शकतात. व्हेडोलिझुमॅबमध्ये ही भीती कमी, तपासणी तरीही करतातच. टोफासिटिनिबची गोळी स्वस्त आहे पण पाउचायटिसमध्ये तिचा पुरावा फारच तुटपुंजा, आणि नागीण उठण्याचा धोका. इन्शुरन्सचं तर वेगळं पुराण. जुन्या आजाराची वेटिंग २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षं केलीये हे चांगलं झालं, पण सलाइन दोन तासांत संपतं मग अ‍ॅडमिट का दाखवता असं विचारणारा माणूस फोनवर भेटतोच.

आणि मग यादीच्या तळाशी, डॉक्टरांच्या कागदावर, शेवटची ओळ. कायमचा इलिओस्टोमी. म्हणजे परत पोटावर बॅग. ते बोलताना त्यांचा आवाज खाली जातो. "अगदीच काही नाही चाललं तर, पण तिथपर्यंत आपण जाऊ देणार नाही." नवरा मान हलवतो. आई डोळ्याला पदर लावते.

मला इथेच थांबून बोलायचंय. दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात माझ्या पोटावर बॅग होती ना. त्या महिन्यांत काय झालं हे कुणी मला विचारतच नाही, सगळे धरून चालतात की ते नरकवासाचे दिवस होते. पहिला महिना होता. बॅग गळायची, कातडी सोलून निघायची, उन्हाळ्यात चिकटपट्टी घामाने सुटायची, एकदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये स्टोमाने असा आवाज केला की साहेब बोलायचे थांबले. पण नंतर हात बसला. आणि मग मी लोकलने गेले, उभी, डोंबिवली ते सीएसएमटी, संडास कुठे आहे हा विचार न करता. कोल्हापूरला भाच्याच्या लग्नाला एसटीने गेले, पंगतीत शेवटपर्यंत बसले. रात्री झोपले. साडी थोडी वर नेसायची, झालं. आता पाउच आहे, शरीर बाहेरून अखंड दिसतं, कुणाला काही कळत नाही, आणि मी रात्री चार-पाच वेळा उठते, लग्नाला जायचं म्हटलं की आधी हॉलचा संडास कुठे ते विचारते, आणि नवरा ज्याला "नॉर्मल" म्हणतो ते हे.

म्हणजे बॅग सोपी आहे असं मी म्हणत नाहीये. पाउच काढणं हे मोठं ऑपरेशन आहे, ओटीपोटात आधीच सगळं चिकटलेलं, तिथल्या नसांना इजा होऊ शकते, खालची जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पाउच आत ठेवून मल नुसता वरूनच पोटावरच्या बॅगेत वळवता येतो, ते ऑपरेशन लहान, पण रिकाम्या पाउचमध्येही सूज राहू शकते आणि त्यावर लक्ष ठेवावं लागतं. मल पातळ, पाणी जास्त जातं. समुद्रावर, देवळात, जवळच्या माणसाच्या शेजारी झोपताना, प्रत्येक ठिकाणी त्याचा विचार करावा लागतो. हे सगळं मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की औषधांची यादी कमी कापाकापीपासून जास्त कापाकापीकडे लावलेली असते, ते वैद्यकीय दृष्ट्या बरोबरच, कारण औषध थांबवता येतं आणि काढलेला पाउच परत बसत नाही. पण घरी ती यादी वाचली जाते ती कमी अपमानापासून जास्त अपमानाकडे. आणि त्या दोन यादींची सरमिसळ झाली की माणूस वर्षानुवर्षं रात्रीचा जागत राहतो, का तर शेवटच्या ओळीपर्यंत जायचं नाही म्हणून.

मागच्या व्हिजिटला मी डॉक्टरांना सांगितलं की स्कोअर तुम्ही तुमचा ठेवा, तो लागेलच, पण माझाही एक ठेवा. रात्री एकापेक्षा जास्त वेळा उठावं न लागणं, घाई लागल्यावर निदान एक स्टेशन जाईल एवढा वेळ थांबता येणं, आणि वर्षातला जास्तीत जास्त काळ सिप्रोशिवाय. व्हेडोलिझुमॅब घेऊ, चौदा आठवड्यांनी बघू, थोडं सुधारलं असेल तर वर्षभर देऊ. वर्षाने माझ्या यादीतलं काहीच जमलं नसेल तर पुढचं, त्याच्या पुढचं औषध असं न करता सर्जनबरोबर बसून वळवण्याबद्दल बोलायचं, रडकुंडीला येऊन नाही तर ठरलेल्या तारखेला. डॉक्टर जरा गप्प झाले. मग म्हणाले, "लिहून ठेवतो," आणि फाईलमध्ये खरंच लिहिलं, मी वाकून बघितलं. त्यांनी एक अट घातली, मधल्या काळात दुर्बिणीत सूज कमी दिसली आणि त्रास तेवढाच राहिला तर आधी पाउच नीट रिकामा होतोय का, स्नायूंचा ताळमेळ बिघडलाय का हे तपासायचं, त्याला फिजिओथेरपी असते. ते मला पटलं.

घरी वाद झालाच. नवरा म्हणाला तू आधीच हार मानून बसलीयेस. मी म्हटलं हार मानायची असती तर एकतीस टक्क्यांवर पैसे लावले असते का. यावर तो हसला, म्हणजे निदान ऐकतोय.

टीबीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, छातीचा एक्स-रे साफ. लोह आणि बी-१२ कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू आहेत. पहिलं सलाइन गणपतीनंतर, कारण गौरींच्या जेवणाला घरात मी लागते. आणि स्टोमा नर्सची एक अपॉइंटमेंट मी घेऊन ठेवलीये, नुसती माहितीसाठी, आता बॅगा पूर्वीपेक्षा पातळ आणि चांगल्या आल्यात म्हणतात. नवरा येतो म्हणाला. त्याने मोबाईलमध्ये प्रश्नही लिहून ठेवलेत, पहिला प्रश्न, पावसाळ्यात ट्रेकला गेलं तर चिकटपट्टी टिकते का.